आधी दहा मीटर, मग बाकीचं कॅरिबियन

पत्र: ताई, मी मूळची रत्नागिरीची, गेली चौदा वर्षं टेक्ससमध्ये. वय ४४. मागच्या उन्हाळ्यात नवऱ्यासोबत ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसमध्ये स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केला. आत्तापर्यंत दोघांच्याही सहाच डाइव्ह झाल्यात, सगळ्या त्याच तळ्यात. आता नवऱ्याच्या ऑफिसातला ग्रुप सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाला निघालाय आणि तिथून पुढे बेलीझचं ब्लू होल, म्हणजे समुद्रातली ती खोल विहीर, करायचं म्हणतायत. त्या सगळ्यांच्या शंभराच्या वर डाइव्ह झाल्यात. नवरा म्हणतो, ‘गाईड असतो ना, काय होतंय?’ मला मात्र रात्री झोप लागत नाही. खाली जाताना कान दुखतात, माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते, मास्कमध्ये पाणी शिरलं की छातीत धडधडतं. पण प्रवाळ बघायची ओढ खरी आहे, त्यासाठीच तर शिकले. माझ्यामुळे सगळ्यांचा विरस होईल असंही वाटतं. जाऊ की नको? दुसरीकडे कुठे जावं? आणि नवऱ्याला हे कसं सांगू, की त्याला मी भित्री वाटणार नाही? नाव छापू नका.

उत्तर: ताई, तुम्ही भित्र्या नाही आहात. सहा डाइव्हमध्ये तुम्हाला स्वतःच्या तीन अडचणी नेमक्या सांगता येतायत: कान, हवा आणि मास्क. शंभर डाइव्ह झालेल्या कित्येकांना इतकं नीट सांगता येत नाही. या तिन्हींपैकी एकही सुटलेली नसताना कुणी तुम्हाला चाळीस मीटरवर न्यायचं म्हणत असेल, तर झोप उडणारच.

प्रवाळ बघायला जरूर जा. फक्त या ग्रुपबरोबर, या बेतावर जाऊ नका.

ब्लू होलचं आधी सांगते, कारण तिथे माझ्या मनात जराही शंका नाही. वरून, विमानातून दिसणारं ते निळं वर्तुळ जगातल्या सुंदर दृश्यांपैकी एक आहे. साधारण ३०० मीटर रुंद, १२० मीटरहून खोल, बेलीझच्या रीफसकट (प्रवाळाच्या भिंतीसकट) १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. पण डायव्हर तिथे जातात ते चुनखडीचे लोंबते स्तंभ बघायला, आणि ते आहेत ४० मीटरच्या आसपास. ओपन वॉटर कोर्सचं तुमचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं आहे. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादाच ४० मीटर. त्या खोलीवर नायट्रोजनमुळे डोकं जड होतं, हवा झपाट्याने जाते आणि तळाशी जेमतेम आठेक मिनिटं मिळतात. त्यात ज्यासाठी तुम्ही शिकलात तो रंगीत प्रवाळ त्या अंधाऱ्या विहिरीत फारसा नाहीच. तुम्हाला कुणी ‘एकदाच तर जायचंय’ म्हणालं तरी नाही म्हणा. तुमच्या नवऱ्याच्याही सहाच डाइव्ह आहेत. हे त्यालाही लागू आहे.

कोझुमेल वेगळं. ती जागा माझ्या फार आवडीची आहे, आणि म्हणूनच तुम्ही तिथे पहिल्यांदा जाऊ नये असं वाटतं. तिथलं पाणी सतत वाहतं. बोट तुम्हाला एका ठिकाणी सोडते, प्रवाह तुम्हाला प्रवाळाच्या भिंतीच्या कडेकडेने नेतो आणि बोट पुढे कुठेतरी उचलते. जमलं की पतंगासारखं सुख. पण प्रवाहात थांबता येत नाही. कान अडला तर ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नाही, कारण तेवढ्यात ग्रुप शंभर मीटर पुढे गेलेला असतो. अनुभवी मंडळी असली की बोट पुंता सूरकडे वळते. तिथली ‘डेव्हिल्स थ्रोट’ नावाची बोगद्यासारखी वाट बाहेर पडते तीच जवळजवळ ४० मीटरवर.

माझी अकरावी डाइव्ह कोझुमेलला झाली होती. बोटीवरच्या माणसाने अंदाजाने माझ्या पट्ट्यात बुडण्यासाठी लागणारं आठ किलो वजन भरलं आणि मी विचारलं नाही, कारण बाकीचे सगळे तयार होऊन बसले होते आणि मला कुणाचा खोळंबा करायचा नव्हता. तुमच्या पत्रातलं ते ‘विरस होईल’ वाचलं तेव्हा मला तीच बोट आठवली. पंचवीस मीटरवर मी दगडासारखी खाली जात होते, बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जॅकेटात) हवा भरत होते, मग वर उडत होते, पुन्हा सोडत होते. वीस मिनिटांत हवेचा काटा लाल पट्ट्याला टेकला. गाईड पुढे गेलेला. घाबरून हाताला लागलं ते धरलं. तो पापुद्र्यासारखा पातळ प्रवाळ होता, आणि तो माझ्या मुठीत बिस्किटासारखा मोडला. दुसऱ्या एका डायव्हरने मला तिचा जादा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) दिला, आम्ही नीट वर आलो. माझा कापलेला तळहात आठवड्यात भरून आला. तो तुकडा किती वर्षांत वाढला असेल याचा विचार मात्र मी अजून करते.

हे सगळं तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या दिवशी समुद्राची काही चूक नव्हती. चूक होती ती जादा वजनाची, खोलीची आणि माझ्या संकोचाची. या तिन्ही गोष्टी घरून निघण्याआधीच टाळता येतात.

तर कुठे जावं? माझं उत्तर बोनेअर. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं हे लहानसं, कोरडं, निवडुंगांचं बेट २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, आणि चलन मात्र अमेरिकी डॉलर. किनाऱ्याला लागून ६० मीटर खोलीपर्यंतचं सगळं पाणी १९७९ सालापासून संरक्षित आहे. आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ ची, म्हणजे बोनेअरचं संरक्षण त्याच्याही आठ वर्षं आधीचं. वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि पाणी शांत असतं. पूर्वेकडच्या लाटांच्या बाजूला मात्र तुम्ही फिरकू नका.

तुमच्यासाठी खरी मोलाची गोष्ट अशी की तिथे बोट लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, त्यांवर जागेचं नाव लिहिलेलं. भाड्याचा पिकअप ट्रक तिथे उभा करायचा, सामान चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. (ट्रकमध्ये पैसे, पासपोर्ट, फोन काही ठेवू नका. चोऱ्या होतात.) आधी उथळ वाळूचा पट्टा, मग नऊ-दहा मीटरवर रीफचा काठ, आणि तिथून उतार खोल जातो. तुम्ही काठावर राहायचं. कान अडला, थांबा. नाही सुटला, परत फिरा, किनाऱ्यावर बसून नारळपाणी प्या, तासाभराने पुन्हा जा. तुमची वाट बघत कुणी बोटीवर खोळंबलेलं नसतं. जी गोष्ट तुम्हाला रात्री टोचते, ती तिथे उरतच नाही.

एक अट आहे. सहा-सहा डाइव्हचे दोन नवखे एकट्याने किनाऱ्यावरून आत शिरले, तर ते मला पटणार नाही. पहिले तीन दिवस तिथलाच एखादा प्रशिक्षक फक्त तुम्हा दोघांसाठी घ्या. पैसे जातील, जाऊ द्या, हॉटेल थोडं साधं घ्या. तसंही पार्कचं शुल्क भरून, नियमांची माहिती घेऊन, पहिली ओळखीची डाइव्ह केल्याशिवाय तिथे पुढे जाता येत नाही. हातमोजे घालायला बंदी आहे. कारण साधं आहे, हातमोजे असले की माणूस धरतो. हॉटेल असं निवडा की ज्याची स्वतःची जेट्टी आणि समोरच रीफ असेल. पहिले दोन दिवस ट्रकसुद्धा लागणार नाही.

आता हवेचं. ‘माझी हवा आधी संपते’ हे वाक्य मला बहुतेक प्रत्येक नव्या डायव्हरकडून येतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गणित करून बघू. तुम्हाला मिळतो तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेला, तुमच्या अमेरिकी गेजवर ३००० पीएसआय. म्हणजे सुमारे २२०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव सोडले की वापरायला १६५० लिटर. नवखा माणूस जमिनीवर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणून दहा मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. तीच तुम्ही, तीच फुप्फुसं: दहा मीटरवर ४१ मिनिटं, वीसवर २७, तीसवर जेमतेम २०. ग्रुपबरोबर खोल गेलात की तुमची हवा ‘आधी संपते’. दहा मीटरवर राहिलात की तुम्ही पाऊण तास मासे बघत बसता. शिवाय लाल रंग पाण्यात सगळ्यांत आधी विरतो, त्यामुळे प्रवाळाचे रंग उथळातच खरे दिसतात, आणि ऊन लागतं तिथेच प्रवाळ दाट वाढतो. खोल जाऊन तुम्ही हवाही घालवणार आणि रंगही.

दोघांपैकी कुणाचाही काटा १३० बारला, म्हणजे दोन हजार पीएसआयच्या जरा खाली आला की परत फिरायचं. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमलेल्या पायांना येताना तोच प्रवाह घरी आणतो. जाताना रीफ उजव्या खांद्याला असेल तर येताना डाव्या.

वजनाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं. तळ्यातला आकडा समुद्रात चालत नाही. खारं पाणी तुम्हाला जास्त उचलतं, म्हणून दोनेक किलो वाढवावं लागतं. पण तळ्यात थंडीसाठी जाड सूट घातला असेल तर तोही तरंगत होता, आणि बोनेअरला पाणी २६ ते २९ अंश असल्याने तीन मिलिमीटरचा पातळ सूट पुरतो, म्हणून वजन कमी होतं. दोन्हींचा हिशोब डोक्यात बसत नाही, पाण्यातच करावा लागतो. पहिल्याच दिवशी, पाय टेकत नाहीत अशा जागी, रेग्युलेटर तोंडात ठेवून बीसीडीतली सगळी हवा सोडा, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा आणि उभ्या राहा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असेल तर वर दोन किलो घाला, कारण हवा संपत जाते तसा तो हलका होऊन तुम्हाला वर ओढतो. (श्वास धरायचा तो फक्त या तपासणीपुरता आणि फक्त पृष्ठभागावर. खाली गेल्यावर श्वास कधीही अडवायचा नाही, हे तुम्हाला शिकवलंच आहे.) वजन बरोबर झालं की अर्धी धडधड आपोआप थांबते. शरीर आडवं राहतं, पाय मारावे लागत नाहीत, श्वास लांब होतो. मग वाळूच्या पट्ट्यावर तीन-चार मीटरवर नुसतं तरंगत राहायचं. काही बघायचं नाही, कुठे जायचं नाही. दहा मिनिटं एका जागी स्थिर राहता आलं की रीफकडे वळा.

हा आग्रह फक्त तुमच्या सुरक्षिततेसाठी नाही. कॅरिबियनचा प्रवाळ आजारी आहे. १९८३-८४ मध्ये लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) रोगाने जवळजवळ सगळे मेले. ते शेवाळ खायचे, ते गेले आणि शेवाळ प्रवाळावर पसरलं. २०२२ मध्ये पुन्हा तशीच साथ आली. २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळाचा एक नवा रोग दिसला. त्यात कठीण प्रवाळाची जिवंत कातडी भराभर गळून पांढरा सांगाडा उरतो. वीसहून जास्त जातींना तो धरतो, मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ त्यात आलेच. २०२३ पासून तो बोनेअरच्या पाण्यातही आहे. त्याच वर्षी कॅरिबियनमध्ये समुद्र इतका तापला की ठिकठिकाणी प्रवाळ पांढरा पडला. मेंदूप्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. तुमच्या पायातल्या फिनचा एक फटका म्हणजे त्याची काही दशकं. म्हणून प्रत्येक डाइव्हनंतर सामान धुवा, आणि एका जागेहून दुसरीकडे जाण्याआधी दुकानात जंतुनाशक द्रावण मागा. कुठली जागा बंद असेल तर हट्ट करू नका.

तरीही बघण्यासारखं खूप आहे, आणि ते आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे, हे मला फार सांगावंसं वाटतं. आपला हिंदी महासागर प्रवाळाच्या जातींनी श्रीमंत. कॅरिबियनमध्ये कठीण प्रवाळाच्या जाती साठ-सत्तरच, पण समुद्रपंखे आणि पिसांसारखे मऊ प्रवाळ असे की लाटेबरोबर सगळी रीफ एका लयीत डुलते, वाऱ्यातल्या भातशेतीसारखी. उभा माणूस मावेल एवढे रांजणासारखे स्पंज. अॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवात राहणारा नारिंगी-केशरी क्लाउनफिश तिथे नाही, समुद्रसाप तर अटलांटिकमध्ये नाहीतच. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात तो कुर्र कुर्र आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल. बोनेअरने २०१० मध्ये त्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, कारण शेवाळ खाणारं दुसरं फार कोणी उरलेलं नाही. समुद्री गवतात कासवं चरतात. सॉल्ट पिअरच्या, म्हणजे जहाजात मीठ भरायच्या धक्क्याच्या, खांबांवर पिवळे-जांभळे स्पंज चढलेत आणि त्यांच्या सावलीत मासे थव्याने उभे असतात. मिठाचं जहाज लागलेलं असेल तर ती जागा बंद असते, आधी विचारा. ‘थाउजंड स्टेप्स’ नावाच्या डाइव्हच्या जागेला पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत, पण सिलिंडर पाठीवर घेऊन वर येताना गुडघ्यांना हजार वाटतात. ती आठवड्याच्या शेवटी ठेवा.

आणि लायनफिश दिसला तर एक क्षण थांबा. पट्टेरी, पंख पसरलेला, अतिशय देखणा. तो आपल्याकडचा, हिंदी आणि प्रशांत महासागराचा. माणसाच्या हातून अटलांटिकमध्ये सुटला, बोनेअरला २००९ मध्ये पोहोचला. तिथे त्याला खाणारे फारसे नाहीत, म्हणून तो लहान मासे फस्त करत सुटलाय. त्याच्या काट्यांत विष असतं, हात लांब ठेवा. तसाच मोहरीच्या रंगाचा फायर कोरल. नावाला कोरल, पण जातीने जेलीफिशच्या जवळचा, आणि लागला तर भाजल्यासारखा चटका देतो.

हिल्मा हूकर नावाचं १९८४ मध्ये बुडालेलं जहाज तिथे वाळूवर जवळजवळ तीस मीटरवर पडलंय. नवऱ्याचा जीव तिकडे ओढ घेईल. या खेपेला नको. ॲडव्हान्स्ड कोर्स झाला की मग, आणि तेव्हाही आत न शिरता.

दक्षिणेकडे मिठागरं आहेत, गुलाबी पाण्याची, फ्लेमिंगोंची. तिथे रस्त्याच्या कडेला कमरेइतक्या उंचीच्या दारांच्या दगडी झोपड्या दिसतील. १८५० च्या सुमाराला मिठावर राबणाऱ्या गुलामांना झोपायला बांधलेल्या. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. डाइव्हच्या घाईत तिथून गाडी तशीच पुढे काढू नका.

हंगामाचं. तुम्ही रत्नागिरीच्या, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. कॅरिबियनचा असा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि चक्रीवादळांचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. कोझुमेल आणि बेलीझ दोन्ही त्या वाटेवर. तुमचा ग्रुप नेमका सप्टेंबरमध्ये चाललाय. बोनेअर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, तिथे वादळ क्वचितच येतं, तरी दूरच्या वादळाने एरवी शांत असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरही उलट्या दिशेने लाटा येतात. तारखा तुमच्या हातात असतील तर फेब्रुवारी ते मे बघा.

कानांचं औषध म्हणजे सावकाशी. दुखायला लागल्यावर नाक दाबून जोर लावणं म्हणजे उशीर झाला. पृष्ठभागावरच एकदा कान मोकळे करा, मग दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी. पाय खाली ठेवून, दोरी धरून उतरा. अडलं तर अर्धा मीटर वर या, पुन्हा करा. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही, गोळी घेऊनही नाही, कारण गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा कानात कोंडते. घरी कोरड्यातही कान मोकळे होत नसतील तर जाण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म दोघांनी खरा भरा. पंचेचाळिशीपुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत. नवऱ्याचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, पण रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती लपवून चालणार नाही.

मास्कची भीती घालवायला बोनेअरची वाट बघू नका. जवळच्या स्विमिंग पूलमध्ये प्रशिक्षकासोबत एक उजळणीचा तास घ्या. निम्मा मास्क भरा, रिकामा करा. मग पूर्ण भरा. मग मास्क काढून एक मिनिट नुसतं रेग्युलेटरने श्वास घ्या. नाकात पाणी असतानाही तोंडाने श्वास चालतो हे शरीराला एकदा पटलं की धडधड उतरते. असे वीस वेळा करा. विकत घ्यायचंच असेल तर स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा मास्क (चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा), जाड तळव्याचे बूट, कारण किनाऱ्यावर मोडक्या प्रवाळाचे खडक आहेत, आणि मनगटावरचा, खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर. प्रत्येकाला आपापला. बाकी सगळं भाड्याने.

वर येताना मिनिटाला नऊ मीटरहून वेग नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, दर वेळी. शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास विमानात बसायचं नाही, म्हणून शेवटचा दिवस मिठागरांना आणि उत्तरेच्या वॉशिंग्टन स्लागबाय अभयारण्याला द्या. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्थेचा डायव्हिंगचा विमा काढा. नेहमीचा प्रवासविमा हे सहसा धरत नाही. बेटावर रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर अंगात हवेचे बुडबुडे झाले तर उपचारांची दाबाची खोली) आहे, पण त्याचं बिल विम्याशिवाय झेपत नाही. पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसाचा नियम तिकिटाआधी बघा. बेट नेदरलँड्सचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुमच्यासाठी पहिला होता. नवऱ्याला खोलीबद्दल, आकड्यांबद्दल पटवत बसू नका. त्याला वरचं हवेचं गणित दाखवा आणि म्हणा, ‘मला तुझ्याबरोबर पंधरा डाइव्ह करायच्या आहेत, ग्रुपबरोबर दोन नाही.’ आणि निघण्याआधी एकमेकांना एक शब्द द्या. अंगठा वर, म्हणजे पाण्याखाली ‘छान’ नव्हे, ‘वर चल’. दोघांपैकी कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने किंवा कारण नसताना अंगठा वर केला की डाइव्ह संपली. किनाऱ्यावर आल्यावर ‘का?’ विचारायचं नाही. हा सगळ्या डायव्हर्सचा जुना नियम आहे, तुमच्यासाठी काढलेली सवलत नाही. तो त्यालाही एक दिवस लागेल.

ग्रुपला सरळ सांगा, आम्ही पुढच्या वर्षी येतो. तोपर्यंत तुमच्या वीसेक डाइव्ह झालेल्या असतील, आणि कोझुमेललाही पारायसोसारखी उथळ, निवांत रीफ आहे. तरीही या वर्षीच जावं लागलं, तर दोघांसाठी वेगळा गाईड आधीच ठरवून घ्या, उथळ जागाच मागा आणि ब्लू होलच्या दिवशी किनाऱ्यावर राहा.

बोनेअरहून आलात की मला लिहा. किती खोल गेलात ते नको. पहिल्या दिवशी वाळूवर किती मिनिटं स्थिर राहता आलं आणि पट्ट्यात शेवटी किती किलो उरले, ते कळवा.